वाकळीचा मधला थर

हे मी नवऱ्याला सांगितलेलं नाही, बहिणीला नाही. विहारात डोळे मिटून बसते तेव्हा स्वतःलासुद्धा नीट सांगितलेलं नाही. तुम्ही मला ओळखत नाही — म्हणून कदाचित जमेल. जमेल का? बघू.

आधी वाकळीचं सांगते. गोधडीला आमच्याकडं वाकळ म्हणतात. माझ्या हातची वाकळ गावात नावाजलेली. बाया चेष्टेनं म्हणायच्या, नवरा टिकंल न टिकंल, शोभाची वाकळ टिकते. टिकते, कारण धुतल्याशिवाय मी कापड शिवत नाही. ऊन पाण्यात सोडा टाकून भिजवायचं, आपटायचं, वाळवायचं. चांगली लुगडी वरखाली, फाटकं-विटकं मधल्या थरात. चारी बाजूंनी टाके पडले की मधलं कुणाला दिसत नाही.

मी लांबण लावतेय — कळतंय मला.

काही वर्षांपूर्वी गावात मिरवणुकीवरून भांडण झालं. आधी दगड आले, मग काठ्या घेऊन माणसं आमच्या गल्लीत घुसली. झरीच्या बाजारातून घरी येणारा मिलिंद त्यांच्या तावडीत सापडला. शेजारच्या कौसाआत्याचा एकुलता मुलगा तो. दवाखान्यात नेला, तिथून जिवंत आला नाही. त्यानंतर वस्तीत कुणी मोठ्यानं रडलंसुद्धा नाही. चुली पेटायच्या, भाकरी व्हायच्या, कुणाला चव कळायची नाही. मलाही काही वाटत नव्हतं. स्वतःच्या हाताला हात लावला तरी दुसऱ्याचा हात वाटायचा.

मिलिंदच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला आणि आत्या गाठोडं घेऊन माझ्या दारात आली. "ह्येची कापडं कुणाला द्यायची न्हाईत," म्हणाली. "वाकळ कर. मला पांघरायचीय." मग बाकीच्या बायाही आपापली जुनी लुगडी घेऊन आल्या. दुपारी आम्ही विहाराच्या ओसरीवर बसून शिवायचो. बोलायला काही नव्हतं, निदान हाताला काम होतं. ज्यांची डोकी फुटली, हात मोडले, त्यांच्याही घरी एकेक वाकळ गेली. शोभानं वस्तीला सावरलं, असं लोक म्हणायला लागले. ऐकायला बरं वाटायचं — खोटं कशाला बोलू?

आत्याच्या गाठोड्यात तो शर्ट होता.

निळ्या चौकड्यांचा, कॅरीबॅगेत गुंडाळलेला. त्या दिवशी मिलिंदच्या अंगावर तोच होता. रक्त वाळून कापड कडक झालेलं, खांद्याशी उभं फाटलेलं. आत्यानं पेटीतलं सगळं उपसून आणलं होतं, तिला कसलं भान? मला होतं. शर्ट कोणता ते मला बघताक्षणी कळलं. बाजूला ठेवायला हवा होता. मिलिंदच्या बायकोला, रेखाला, जाऊन विचारायला हवं होतं. मी तो सोड्याच्या पाण्यात टाकला. का? सवयीनं? दया आली म्हणून? आत्याच्या नजरेला पडू नये असं वाटलं, एवढं खरं. पाणी लाल झालं. ओतलं, दुसरं घेतलं. वाळल्यावर शर्ट मधल्या थरात घातला.

इथवर चूक म्हणता येईल. पुढचं नाही म्हणता येत.

वाकळ आत्याच्या घरी गेली, आणि मग तपासाची माणसं आली, मिलिंदच्या अंगावरचे कपडे मागायला. दवाखान्यातून शर्ट रेखाच्याच हातात मिळाला होता. केसमध्ये लागेल म्हणून तिनं पेटीत जपून ठेवला होता. पेटी उघडली तर शर्ट नाही. ती धावत माझ्याकडं आली. "ताई, गाठोड्यात चौकड्याचा शर्ट आला व्हता का वं?"

मी दुसरी वाकळ शिवत होते. हातातली सुई खाली ठेवली नाही. "न्हाई बाई," म्हणाले. "समदी कापडं मीच धुतली. न्हवता."

आत्याला काही आठवत नव्हतं. मग संशय कुठं जाणार? सुनेकडं. रेखा मारणाऱ्यांना फितूर झाली, शर्ट तिनंच चुलीत घातला, अशी कुजबुज सुरू झाली. आत्या भरल्या अंगणात तिला म्हणाली, "माझ्या लेकराचं रगत इकलंस का गं?" मी तिथंच होते. एक वाक्य बोलायचं होतं. वाकळ उसवावी लागली असती, लोकांनी मला नावं ठेवली असती. आणखी काय झालं असतं? रेखा गंगाखेडला माहेरी गेली ती गेलीच. तिला आणायला कुणी गेलं नाही. मीही नाही. धुतलेल्या शर्टानं केसला काही फरक पडला असता का, मला कळत नाही. रेखाला पडला असता. ते तेव्हाही कळत होतं.

गेल्या हिवाळ्यात आत्या ती वाकळ घेऊन आली. कडेला विरली होती. विरलेली वाकळ आम्ही उसवत नाही, वरून नवं लुगडं चढवतो. मांडीवर घेतली, तर विरलेल्या जागेतून निळा चौकडा दिसत होता. आत्याला आता नीट दिसत नाही. तिनं बोटानं चाचपलं. "आत काय गं ह्ये, शोभे? येगळंच लागायलंय."

बोट नेमकं त्याच्यावर होतं. घरात आम्ही दोघीच. याहून सोपी वेळ कुठली येणार होती?

"जुन्या चादरीचा तुकडा हाय, आत्या."

"आसंल," ती म्हणाली. बोट तिथंच होतं. "त्या सटवीनं तेवढा शर्ट ठिवला असता, तर त्योबी यात आला असता बघ."

मी लुगडं पसरलं. टाके घातले, नेहमीपेक्षा बारीक. आत्या समोर बसून होती. संपल्यावर वाकळ घडी करून तिच्या हातात दिली.

रेखानं शर्ट जाळला नव्हता. मी धुतला, मी आत घातला. सुनेनं विचारलं तेव्हा नाही म्हणाले, सासूनं विचारलं तेव्हाही खोटंच सांगितलं.