नावाखालची ओळ

फोन आला तेव्हा मी एका बाईला कुकर दाखवत होते. "आत्या, बाबा गेले," एवढंच पुतण्या बोलला. मी बरं म्हटलं, फोन ठेवला, आणि झाकण कसं फिरवून लावायचं ते त्या बाईला पुन्हा एकदा दाखवलं. ती कुकर घेऊन गेली. मग मी स्टुलावर बसले. रडू येईल म्हणून वाट पाहत होते... महिना उलटला, अजून आलेलं नाही. लोक म्हणतात, बाई धीराची. कसला धीर अन् कसलं काय! आत नुसतं बधिर आहे.

नाना माझा धाकटा भाऊ. जगासाठी तो माजी आमदार, वेगळ्या विदर्भाचा जुना कार्यकर्ता. मला मात्र तो इतवारीतल्या आमच्या भांड्यांच्या दुकानात, नाव टाकायच्या मशीनवर वाकलेलाच दिसतो. लग्नाची भांडी घ्यायला गावोगावची माणसं यायची, आणि त्यावर नाव टाकणं हे नानाचंच काम. एकदा काटोलकडच्या एका बापानं लेकीसाठी पाणी भरायचा पितळी गुंड घेतला. नानानं तिचं नाव टाकलं, गाव टाकलं, आणि खाली न विचारताच 'विदर्भ' लिहून मोकळा झाला.

"हे काहून लिहिलं गा? मी तं सांगतलं नव्हतं."

"मंग गाव कुठं आहे तुमचं, भाऊ?"

तो माणूस हसला आणि गुंड घेऊन गेला. पुढे पुढे लोकच म्हणायला लागले, खाली ते पण टाका. नानाचं राजकारण असं बसल्या बसल्या लोकांच्या स्वयंपाकघरात शिरलं. मग मोर्चे आले, तुरुंग आला, पडलेल्या निवडणुका आल्या. दुकान मी सांभाळलं, कुरकुर करत का होईना.

आणि एक दिवस एका पक्षानं त्याला विधान परिषदेवर घेतलं. मुंबईला शपथ घेऊन तो परतला, तर तुरुंगात त्याच्या शेजारी झोपलेले बबनराव दुकानात येऊन बसलेले.

"ज्या घरातून निघून राहिलो म्हणत होतास, त्याच घरात पाट मांडून बसला गा तू."

"वाटणी घरात बसूनच मांगा लागते, बबन."

बबनराव चहा न घेताच उठले आणि नंतर दुकानाची पायरी चढले नाहीत. आमदारकी संपल्यावर नाना पुन्हा मशीनवर बसला, पण तो शब्द काही त्यानं लिहिला नाही. मी विचारलं तर म्हणाला, "लोकायच्या भांड्यावर आपलं काहून लिहायचं, ताई?" मला वाटलं, खुर्चीनं याचं पाणी उतरवलं. फार लागलं मनाला.

तेरवीला आमच्याकडे गेलेल्याच्या नावाची भांडी वाटतात. मी स्टीलचे डबे काढले. पुतण्या मिहानमधल्या एका कंपनीत नोकरीला, तो म्हणाला, "आत्या, खाली 'माजी आमदार' टाक." पहिल्या डब्यावर कै. लिहून नाव टाकलं, इतवारी, नागपूर टाकलं, आणि हात थांबला. आमदारकी लिहावी तर त्याचा अर्धा जन्म पुसला जातो. विदर्भ लिहावं तर त्यानं स्वतः सोडलेलं त्याच्याच माथी मारायचं. घरोघरी वर्षानुवर्षं राहणार ते...

तेवढ्यात बबनराव आले. काठी टेकून बसले. मी डबा त्यांच्यापुढे केला.

"तुम्हीच सांगा, खाली काय लिहू? तो शब्द तर त्यानं सोडला होता."

"सोडला नव्हता वं बाई. मीच म्हटलं होतं त्याले फोनवर, आता त्या शब्दाले हात लावू नको." त्यांनी डबा जवळ ओढून नावावरून अंगठा फिरवला. "रागात बोललो. तो खरंच ऐकंल, मले काय माहीत..."

"एवढं ऐकलं अन् मला सांगितलं नाही मेल्यानं," मी म्हणाले. दोघांचाही संताप आला मला. मशीनचा पेन मी बबनरावांच्या हातात दिला. "मग आता तुम्हीच लिहा."

त्यांनी तो कधी धरला नव्हता. संध्याकाळपर्यंत बसून त्यांनी प्रत्येक डब्यावर 'विदर्भ' लिहिलं, वाकडंतिकडं, कुठे खोल, कुठे नुसता ओरखडा. पुतण्याला ते आवडलं नाही. डबे आम्ही तसेच वाटले.

आता नावं मीच टाकते. मशीन सुरू केली की बोटांना झिणझिण्या येतात. बाकी अंगाला काही कळत नाही, तेवढं कळतं. म्हणून नाव टाकून झालं, गिऱ्हाईक गेलं, तरी मशीन मी लगेच बंद करत नाही.