रेकॉर्ड चालू असताना चालायचं नाही

माझा दादा हल्ली प्रसिद्ध झालाय. म्हणजे पेपरात नाव येण्याइतका नाही, पण अंधेरीतल्या एका कॅफेत महिन्यातून एकदा त्याला बोलावतात. तो आपल्या जुन्या रॉकच्या रेकॉर्डी लावतो आणि समोर बसलेल्या तरुण पोरांना त्या काळच्या गोष्टी सांगतो. कॅफेवाल्यांनी त्याच्या फोटोखाली 'भांडुपचा जुना बंडखोर' असं छापलं होतं. ते मोबाइलवर आलं तेव्हा मी भेंडी चिरत होते. वाचून माझा असा जळफळाट झाला की विचारू नका.

बंडखोर म्हणे! याने केस खांद्यापर्यंत वाढवले होते, हे खरं. पण दर रविवारी त्या केसांना खोबरेल तेल कोण लावायचं? आई. तो मांडी घालून तिच्या पुढ्यात बसायचा आणि डोकं चोळून घेता घेता आम्हाला सांगायचा, की तिकडे अमेरिकेतली पोरं घरदार सोडून निघालीत, युद्धाला नाही म्हणतायत, नोकऱ्यांवर लाथ मारतायत. त्याच्या बेलबॉटमला इस्त्री मी करायची. रेशनच्या लायनीत मी उभी राहायची. मी एकदा केस कापून येते म्हटलं, तर घरात दोन दिवस कोणी माझ्याशी धड बोललं नाही.

रेकॉर्ड प्लेअर बाबांच्या साहेबांनी दिला होता. ते परदेशी निघाले, तेव्हा घर रिकामं करताना प्लेअर आणि खोकंभर रेकॉर्डी बाबांच्या हातात ठेवून म्हणाले, तुमच्या मुलाला द्या. बाबांनी दिल्या. बाबांना दोन मुलं आहेत, हे साहेबांना ठाऊक नसेल, पण बाबांना तर होतं ना?

आमचं घर चाळीच्या वरच्या मजल्यावर, दोन खोल्यांचं. जमीन फळ्यांची. कोणी पाऊल टाकलं की फडताळातल्या कपबश्या वाजायच्या आणि प्लेअरची सुई उडायची. म्हणून दादाने नियम केला, रेकॉर्ड चालू असताना चालायचं नाही. रविवारी दुपारी त्याचे मित्र यायचे, बाहेरच्या खोलीत चटईवर डोळे मिटून पडायचे, आणि आई नि मी स्वयंपाकघरात अडकायचो. एक बाजू संपेपर्यंत हलायची सोय नाही. पाणी प्यायला माठाकडे जायचं तरी गाणं संपायची वाट बघायची. बाहेर मुक्तीच्या गप्पा आणि आत आम्ही दोघी पुतळ्यासारख्या. डोक्यात तिडीक जायची माझ्या.

पण एक होतं. आईला मी रिकामी बसलेली पाहिली ती तेवढीच. एरवी तिचे हात कशात ना कशात असायचेच. त्या वेळी मात्र भांडी घासली तर आवाज होतो, उठलं तर सुई उडते, म्हणून ती पाटावर टेकायची आणि माझा डावा हात आपल्या मांडीवर ओढून घ्यायची. ड्रम सुरू झाले की माझ्या तळहातावर बोटाने ठेका धरायची. शब्द तिला एक कळत नव्हता. मलाही फारसा कळत नव्हता म्हणा. पण कुठे ड्रम थांबणार, कुठे गिटार एकटी राहणार, हे तिच्या बोटाला आधीच कळायचं.

त्यातली एक रेकॉर्ड आमच्या दोघींची आवडती. कव्हरवर पडक्या भिंतीपाशी उभी चार दाढीवाली माणसं, आणि दुसऱ्या बाजूला एकच लांबलचक गाणं. संथ सुरू व्हायचं, इतकं संथ की दादाचे मित्र घोरायला लागायचे, आणि मग अर्ध्यावर ड्रम धाडकन यायचे. एका रविवारी नेमके ते ड्रम आले आणि गॅसवरचं दूध वर आलं. आई सगळं विसरून सांडशी घेऊन धावली. सुई करकन ओरखडा काढत गेली. "आई, वाट लावलीस!" दादा मित्रांसमोर असा काही ओरडला की आई सांडशी धरून तशीच उभी राहिली. दूध उतू गेलं ते गेलंच.

त्या दिवसापासून ते गाणं त्या जागी अडकायचं. गायकाचा एकच शब्द परत, परत, परत. दादा वैतागून बोटाने सुई पुढे ढकलायचा. आत आई माझ्याकडे बघायची आणि हळूच म्हणायची, "आलं बघ माझं पाऊल."

आई जाऊन बरीच वर्षं झाली. वाटणीत दादाकडे रेकॉर्डी गेल्या, माझ्याकडे पितळेचे डबे आले. तेव्हा मी तोंड उघडलं नाही, कारण माझ्याकडे प्लेअर नव्हता. आता सगळी गाणी फोनवर मिळतात. माझ्या मुलीने ते गाणं शोधून दिलं, मी ऐकलं, आणि ती जागा आली तशी गुळगुळीत निघून गेली. ड्रम आले, गायक पुढे गेला, जसं काही घडलंच नव्हतं. मला फसवल्यासारखं वाटलं. मला ती खराब झालेली रेकॉर्डच हवी होती. ती मागायचीच, असं ठरवून मी शनिवारी त्याच्या कार्यक्रमाला मुलुंडहून अंधेरीला गेले.

आत शिरले आणि समोरच ती दिसली. काउंटरवरच्या भिंतीला, कव्हरसकट, खिळ्याला अडकवलेली. शोभेला! कॅफेवाल्याने जुन्या, फुकट गेलेल्या रेकॉर्डी मागितल्या होत्या, दादाने दिल्या. स्वतःसाठी त्याने तीच रेकॉर्ड नवी कोरी आणली होती.

दादा बोलायला लागला. झकास बोलतो, ते कबूल करायला हवं. पोरं माना डोलावत होती, एक मुलगी तर त्याच्याकडे अशी बघत होती जसं काही त्यानेच ते युद्ध थांबवलं. मग त्याने भिंतीकडे बोट दाखवलं आणि म्हणाला, "त्या रेकॉर्डवर ओरखडा कसा आला माहितीये? आमच्या घरात एकदा पोरं इतकी नाचली, इतकी नाचली, की सुईच उडाली!" सगळे हसले. त्या घरात आमटीची वाटी इकडून तिकडे न्यायची चोरी होती, आणि म्हणे नाचली. माझी कॉफी तशीच गार झाली.

मग त्याने नवी रेकॉर्ड लावली. ती जागा आली. दादा कोणाच्या तरी प्रश्नाचं उत्तर देत होता, तरी त्याचा हात आपसूक सुईकडे गेला, ढकलायला. गाणं अडकलं नाही. हात तसाच हवेत राहिला. त्याने माझ्याकडे पाहिलं.

कार्यक्रम संपल्यावर मी त्याला गाठलं. "नाचलं कोण रे? दूध उतू गेलं होतं."

"अगं, लोकांना जरा रंगवून सांगावं लागतं."

"ती भिंतीवरची मला दे."

"ती? ती बाद आहे गं. आणि तू वाजवणार कशावर?"

"बाद आहे म्हणूनच हवी. त्यात आई आहे." आणि मी सांगून टाकलं, की त्या जागी ती काय म्हणायची ते.

त्याने वर भिंतीवरच्या रेकॉर्डकडे पाहिलं. मग म्हणाला, "आई ऐकायची?"

"ऐकायची म्हणजे काय! तुम्ही घोरत होतात."

"मला कधी बोलली नाही."

त्याचा चेहरा असा झाला होता, की मी तो लगेच ओळखला. घरी इस्त्री करताना समोरच्या आरशात मला तोच दिसायचा. "अजून काय काय करायची गं ती आत?" त्याने विचारलं.

"आधी रेकॉर्ड काढून आण. मग सांगते."

साठी उलटलेला माणूस, गुडघे दुखतात त्याचे, पण स्टुलावर चढला. कव्हरवरची धूळ स्वतःच्या शर्टाने पुसली आणि माझ्या हातात दिली. मग मी सांगितलं. पाट, मांडी, माझा डावा हात, ठेका.

सांगून झालं तेव्हा त्याने आपला तळहात माझ्यापुढे पसरला. "कसा धरायची? दाखव ना."

मी रेकॉर्ड दोन्ही हातांनी धरली होती. ठेवायला शेजारीच टेबल होतं, रिकामं. मी ठेवली नाही.