आठची लाँच

लाँच आपल्याच काठावरून सुटते असं मी धरून चालले होते. एवढीच चूक. पण या एवढ्याशा चुकीपायी अकरा बायका भल्या सकाळी डिंभे धरणाच्या काठावर, भाकऱ्यांची फडकी मांडीवर घेऊन, रिकाम्या पाण्याकडं बघत बसल्या. त्यांना तिथं नेऊन बसवणारी शहाणी मी.

या गोष्टीला वीसेक वर्षं झाली. तेव्हा मी चाळिशीची होते. आपल्याला सगळं कळतं असं वाटण्याचं ते वय. आता नात मोबाइलमध्ये डोकं घालून सांगते, "आज्जी, नऊची आहे," तेव्हा मी पहिला प्रश्न विचारते, "नऊची कुठनं?" तिला वाटतं म्हातारी खोडसाळपणा करते. करतेच. पण हा एक शब्द शिकताना मला अख्खी आळी हसली होती, ते तिला कुठं माहीत!

आम्ही अवसरी बुद्रुकच्या. दारात दोन-चार गाया नाहीत असं घर आमच्या आळीत नव्हतं. बाईचा दिवस म्हणजे सकाळच्या धारेपासून संध्याकाळच्या धारेपर्यंतचा. लग्न, दहावं, बारसं, नाहीतर माहेर, एवढ्यासाठी बाहेर पडायचं. नुसतं पाणी बघायला बाई घराबाहेर पडली, असं कुणी ऐकलं नव्हतं.

हे खूळ माझ्या डोक्यात भरलं ते थोरल्या जाऊबाईंमुळं. आम्ही त्यांना अक्का म्हणायचो. त्यांचं माहेर जुनं आंबेगाव. गाव धरणाखाली गेलं, नाव तेवढं तालुक्याला राहिलं. माहेरची माणसं पुनर्वसनात कुठं कुठं पांगली. आणि आमच्या उसाला पाणी यायचं ते त्याच धरणाच्या कालव्याचं. पाट सुटला की सगळी माणसं खोरी घेऊन शेताकडं पळायची, आणि अक्का बांधावर उभ्या राहून म्हणायच्या, "आलं बगा माझं माहेर." हसत म्हणायच्या, म्हणून आम्हीही हसायचो. एकदा भांडी घासता घासता, हसू न आणता म्हणाल्या, "एकदा त्या पाण्यावर जाऊन यावं वाटतं गं. उतरायचं काय न्हाई. नुसतं वरनं."

झालं. मी पदर खोचला.

घोडेगावला तहसील कचेरीत कसल्याशा दाखल्यासाठी गेले होते. एसटी स्टँडवर शेजारी एक डोंगरातली बाई हिरड्याचं गाठोडं घेऊन बसलेली. धरणापलीकडच्या वाडीची. तिला विचारलं, "तुमच्याकडं लाँच हाय म्हणत्यात. कवा असती?"

"बाजारच्या दिशी. आठला सुटती, तीनला माघारी."

बस्स. याहून जास्त काय विचारायचं असतं? अवसरीला उतरले ती एसटीचा कंट्रोलर झाल्यासारखी. आठला बसायचं, पलीकडं भाकरी खायची, तीनला परत निघायचं, धारेच्या आत घरी. मनातल्या मनात दोनदा जाऊनही आले.

अवघड काम होतं आमच्या सासूबाईंना, म्हणजे आत्यांना विचारायचं. त्यांनी सुना सोडल्या तर आळीतल्या बाकीच्या सासवा सोडणार. त्या म्हणाल्या, "धारंला हाय न्हवं?"

"धारेच्या आधी येतो आत्या."

"गाय पान्हवून बसली आन् सुना पान्यात, असं झालं तर परत इचारायला येऊ नगंस."

तर असं सगळं त्या एका दिवसावर टांगलेलं होतं. अक्कांचं माहेर, आणि आमचं पुन्हा कधी घराबाहेर पडणं.

सकाळच्या धारा उरकून, अंधार फिटायच्या आत पहिली गाडी धरली. मंचरला बदलली, घोडेगावला बदलली. साडेसातला काठावर हजर. मार्गशीर्ष महिना, पाण्यावर धुकं. अक्कांनी लग्नातल्या रुखवताची म्हणून जपलेली हिरवी इरकल नेसली होती. आठ वाजले. लाँच नाही. साडेआठ झाले. मी म्हणाले, "येईल, धुक्यामुळं लेट असेल." जणू मला लाँचमधलं सगळं कळतं! नऊ झाल्यावर एकीनं विचारलं, "वैनी, लाँच म्हंजी नेमकी कशी दिसती?" आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की मीही कधी बघितलेली नाही.

साडेनऊला फटफट आवाज आला. धुक्यातून लाँच निघाली ती माणसांनी खचाखच भरून. नाचणीची गाठोडी, कोंबड्या, एक बोकड. माणसं उतरायच्या आतच मी ओरडले, "चला गं, जागा धरा!" आणि एक पाय आत टाकला.

लाँचवाला म्हणाला, "ओ ताई, कुठं?"

"पलीकडं."

"म्या पलीकडनंच आलोय. आता बाजार करून तीनला जानार."

"मग तीनला जाऊ की. परत कधी आणाल?"

"परत? फुडच्या बाजाराला."

मागं दहा बायका. एकीलाही हसू आवरेना. त्यात बोकडाशेजारून ती स्टँडवरची हिरडेवाली उतरली. तिला बघून मी तणतणले, "बाई, तुम्हीच आठ सांगितलं होतं ना?"

"आठलाच सुटली की."

"पण कुठनं?"

ती माझ्याकडं बघतच राहिली. "आमच्या वाडीतनं. दुसरं कुठनं सुटंल? लाँच आमची हाय न्हवं."

ते मला कधी सुचलंच नव्हतं. पाण्याच्या त्या अंगालाही माणसं राहतात, त्यांचाही दिवस तिकडून उजाडतो, हे आमच्यासारख्या पाटाचं पाणी पिणाऱ्यांच्या गावीच नव्हतं.

आम्ही काठावरच दहा वाजता भाकऱ्या खाल्ल्या आणि दुपारी घरी आलो. आत्या ओट्यावर शेंगा फोडत होत्या. "का गं," त्या म्हणाल्या, "पानी आटलं व्हतं का?"

त्यानंतर कितीतरी दिवस मी दळण घेऊन निघाले की गिरणीवाला विचारायचा, "वैनी, आठची लाँच गेली का?" आळीनं माझं नाव लाँचवाली ठेवलं. त्याचं मला काही नाही, मीही दुसऱ्या कुणाला ठेवलं असतं. अक्कांनी मात्र इरकल घडी घालून ट्रंकेत ठेवली, आणि पुढं पाट सुटला तेव्हा बांधावर आल्याच नाहीत. ते लागलं मला.

मग मी काय केलं, तर पुढच्या बाजाराला एकटी गेले. घरी सांगितलं दाखल्याचं राहिलंय. काठावर नुसती बसून राहिले, तोंड बंद ठेवून. माझ्यासारखीला हे केवढं अवघड! पण बसल्या बसल्या दिसलं ते असं: डोंगरातलं सगळं सकाळी बाहेर येतं आणि संध्याकाळी आत जातं. एसटीसुद्धा. रात्री वाडीत मुक्काम करते, सकाळी माणसं घेऊन निघते. आम्हाला हवं होतं बरोबर उलटं. पण साडेनऊ ते तीन ती लाँच काठाला बांधून नुसती डुलत होती.

"दादा," मी लाँचवाल्याला म्हणाले, "मधल्या वेळात आम्हाला फिरवून आणता का? डिझेल आमचं."

"आनलं असतं ताई. पर वाडीचा बाजार कोन करील?" त्यानं खिशातून कागद काढला. मीठ, गोडेतेल, साबण, सुकट, कुणाची कंदिलाची काच, कुणाच्या लेकीची रिबिनं. आख्ख्या वाडीची यादी. त्या माणसाचा बाजारचा दिवस या यादीत जायचा.

आणि घोडेगावच्या त्याच बाजारात, दर आठवड्याला, आमचे मालक मेथी-कोथिंबिरीचं पाल टाकून बसायचे.

मालक आधी हसले. मग म्हणाले, "म्हंजी म्या लाँचवाल्याचा गडी?"

"एका दिवसापुरते."

"आन् रिबिनं म्या घेऊ?"

"लाल घ्या. लाल लिहिलंय."

घेतली त्यांनी. नंतर बरीच वर्षं सांगत होते की त्यांच्याइतकं सुकट निवडून कुणी घेत नाही.

आत्यांपुढं मी या वेळी उलटा हिशोब मांडला. धार सहाला. म्हणजे अवसरीत साडेपाचला. म्हणजे मंचरात पाचला, घोडेगावात चारला, काठावर तीनला. आजही मी सहल अशीच आखते, शेवटाकडून. आत्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि डोळे बारीक करून विचारलं, "आन् लाँच कुठनं सुटनार?"

"त्यांच्या वाडीतनं सुटून आपल्याकडं येणार. माणसं उतरली की आपल्याला घेणार."

"अगं बया. शिकली की."

संक्रांत झाल्यावर गेलो. अकरांतल्या सातच जणी आल्या, चौघींच्या घरून नको म्हणाले. अक्का साधंच लुगडं नेसल्या होत्या. इरकल दुसऱ्यांदा फुकट घालवायची नव्हती त्यांना. साडेनऊला लाँच आली, काठापर्यंत आलेल्या मालकांच्या हातात यादी गेली, आणि आम्ही निघालो.

पहिल्यांदा सगळ्या एकमेकींचे दंड धरून बसल्या. मग एकीनं गाणं धरलं, मग सोडून दिलं, कारण बघायलाच इतकं होतं. दोन्ही अंगांनी डोंगर थेट पाण्यात उतरलेले. ज्या पाण्यासाठी रात्ररात्र जागून शेतात उभं राहायचो, ते इथं नुसतंच पसरलेलं, कुणाला घाई नसल्यासारखं.

बऱ्याच आत गेल्यावर लाँचवाल्यानं इंजिन बंद केलं. "आंबेगाव इथं खाली," तो म्हणाला.

अक्का उठल्या. आम्ही त्यांना धरायला गेलो तर त्यांनी हात झटकले. समोरच्या डोंगराची सोंड बघितली, मागची खिंड बघितली, आणि जरा डावीकडं बोट केलं. "हितं न्हाई. थोडं म्होरं घ्या. हितं तर कुंभारआळी हाय."

लाँचवाल्यानं वल्ह्यानं लाँच पुढं सरकवली.

"हां. हे आमचं दार."

मग त्यांनी पाण्याच्या बाटलीऐवजी मुद्दाम आणलेला तांब्या पिशवीतून काढला, वाकून धरणातून भरला, आणि लाँचच्या कडेला बसून आपल्या पायांवर ओतला. माहेरी आलेली लेक उंबऱ्याबाहेर पाय धुते, तसा. आधी उजवा, मग डावा. पदरानं पुसले.

नंतर त्यांनीच विचारलं, "भाकऱ्या कवा सोडायच्या? माहेरी उपाशी बसवता व्हय गं?"

त्यानंतर मी खूप सहली आखल्या. माणिकडोह धरणाच्या कडेनं मुलींना सायकलवर नेलं, माझी सायकल पंक्चर झाली तेव्हा ढकलत शेवटी पोचले. बेल्ह्याचा जनावरांचा बाजार दाखवायलासुद्धा नेलंय, आणि एकीनं तिथून खरंच खोंड आणला. ज्यांच्या घरून नको म्हणाले होते, त्या चौघींना पुढच्या वर्षी त्यांच्या सासवाच सोडायला आल्या. रेल्वे तेवढी राहिली. आमच्या भागात ती येणार येणार म्हणतात आणि नुसती मोजणी करून जातात. आली तर पहिल्या गाडीची सहल मी आखणार, पण आधी कुठनं सुटते ते विचारून.

पण अभिमान म्हणाल तर तो मला त्या एकाच संध्याकाळचा. साडेपाचला आम्ही आळीत शिरलो. गोठ्यात गाया हंबरत होत्या, आत्या देवळातून यायच्या होत्या. अक्कांनी पिशवी खुंटीला अडकवली, चरवी घेतली आणि गाईखाली बसल्या. धारेचा आवाज सुरू झाला. मी वैरण टाकत होते. माझ्याकडं न बघता त्या म्हणाल्या,

"आत्या आल्या की तूच सांग त्यांस्नी. म्हणावं, थोरली माहेरी जाऊन आली, आन् धारंला टायमात हाय."