ज्ञानूला मारायची परवानगी

लोणंद स्टेशनवर उतरलो तेव्हा खांद्याला फौजी पिशवी होती आणि पिशवीत मी लिहिलेली कादंबरी. एकाहत्तरच्या लढाईला दोन वर्षं झाली होती. तेवढा काळ मी, एक साधा नाईक, तंबूत बसून आमच्या पलटणीची गोष्ट लिहीत होतो. सांगलीच्या एका छापखान्याच्या मालकांनी मला ती घेऊन यायला सांगितलं होतं. आनंदानं मी अगदी हवेत होतो.

वाटेत कडेगावला ज्ञानूला भेटायचं होतं. आम्ही एकाच खंदकात होतो. पायाला गोळी लागून तो घरी परतला होता. त्याच्यासाठी साताऱ्यात पेढे घेतले. एस.टी.त शेजारच्या मावशींनी पिशवीत काय आहे विचारलं, तसे मी ज्ञानूचे किस्से सुरू केले. कराड येईस्तोवर अख्खी गाडी हसत होती. त्या नादात पेढे गाडीतच राहिले.

ज्ञानू गुऱ्हाळावर भेटला. लंगडत येऊन त्यानं मला उचलूनच घेतलं. त्याची बायको हौसाबाई, तिनं भाकरी आणि गरम काकवी (उसाचा पातळ पाक) वाढली. मग चुलाणाच्या (गुळाच्या भट्टीच्या) उबेला बसून मी वाचू लागलो. ज्ञानू मांडीवर थापा मारत ऐकत होता. शेवटी पुलाजवळच्या हल्ल्यात ज्ञानू पडतो, ते आलं.

"लय झकास मेलो गड्या," ज्ञानू खूश होऊन म्हणाला.

हौसाबाई मात्र उठून उभी राहिली. "आवं भावजी, मारायला दुसरं कुणी न्हवतं व्हय? आमचंच मानूस घावलं?"

मी म्हणालो, लढाईच्या गोष्टीत कुणीतरी जातंच. ज्ञानूचं हसू थांबलं. त्या पुलाजवळ खरा कोण गेला, ते आम्हा दोघांना ठाऊक होतं.

"मग आपला शिवराम?" त्यानं विचारलं.

"माझ्या गोष्टीत तो घरी पोचलाय. त्याचं मरण माझ्यानं लिहवेना रं."

हौसाबाईनं डोळ्यांना पदर लावला, माझ्या वाटीत आणखी काकवी ओतली आणि म्हणाली, "असं हाय तर ऱ्हाऊ द्या. ह्यांस्नीच मरू द्या."

ज्ञानूनं हात जोडले. "बायकोचा हुकूम." आणि आम्ही तिघंही रडता रडता हसत सुटलो.

सांगलीला मालकांनी दुपारभर पानं चाळली. कादंबरी छापायचं कबूल केलं, पण एक गळ घातली: हसवणारा ज्ञानू वाचवता येईल का? मी सांगितलं, त्याच्या बायकोची परवानगी घेतलेली आहे. ते बघतच राहिले.

परतीच्या गाडीत मी एकटाच हसत होतो. लढाईतून कोण परत येणार, हे आमच्या हातात नव्हतं. कागदावर मात्र एकाला घरी आणता आलं, तेही हौसाबाईनं आपला माणूस देऊ केला म्हणून. कंडक्टरनं विचारलं, पाव्हणं, लग्न ठरलं काय? मी म्हणालो, त्याहून मोठं.