गावठ्याला काय कळतं

काश्मीरमधल्या त्या पोस्टवर मी हवालदार होतो, रोड ओपनिंग पार्टीचा कमांडर. सकाळी कॉन्व्हॉय, म्हणजे लष्करी गाड्यांचा ताफा, निघण्याआधी सात किलोमीटर रस्ता पायी तपासायचा, कुठे सुरुंग पेरलेला नाही याची खात्री करायची आणि वायरलेसवर ‘क्लीअर’ कळवायचं. निघायची वेळ ०५३०. पाऊस असो, बर्फ असो, वेळ तीच.

पार्टीत माझ्या जिल्ह्यातला एकच जण होता, नाईक विलास. तो जामसंड्याचा, मी मिठबावचा. चारचौघांत आम्ही हिंदी बोलायचो, दोघंच असलो की मालवणी.

मला कुत्र्यांच्या जाती ओळखायचा भारी नाद. मिठबावच्या किनाऱ्यावर पर्यटक तऱ्हेतऱ्हेचे कुत्रे घेऊन येतात. सुट्टीवर असलो की मी ते बघत बसायचो. हस्की, बीगल, बॉक्सर, सगळे लांबून नुसत्या चालीवरून सांगायचो. एकदा कारवान हाउंड ओळखला तेव्हा मालकाने खूश होऊन चहा पाजला. पोस्टवर जवान मोबाइलमधले फोटो घेऊन माझ्याकडे यायचे. मी जात सांगायचो आणि वर भाव खायचो. आमची सुरुंग हुंगणारी लॅब्रॅडॉर, आईबापाची नोंद असलेली. तिच्याशी तर मी अदबीने बोलायचो.

विलासने मात्र एका गावठी कुत्र्याला लळा लावला होता. अंगावर बांगडा माशासारखे पट्टे, म्हणून नाव बांगडो. रोज सकाळी तो आमच्यासोबत रस्त्याने यायचा. लंगरच्या, म्हणजे आमच्या स्वयंपाकघराच्या दारात दिसला की मी त्याला बूट दाखवून हाकलायचो.

“दादा, जरा तेच्याकडे बघा तरी,” विलास म्हणायचा.

“काय बघूचा तेच्यात?” मी म्हणायचो.

त्या दिवशी लॅब्रॅडॉरच्या पायाला जखम होती. डॉक्टरांनी तिला विश्रांती दिली होती. कुत्रा सोबत नसला की दुप्पट सावध राहायचं, हे मीच नव्या जवानांना शिकवत असे.

०६४० वाजता आम्ही रस्त्याखालच्या चार नंबरच्या मोरीजवळ पोहोचलो. बांगडो सगळ्यांत पुढे होता. मोरीच्या वीस पावलं अलीकडे तो थांबला. शेपटी पोटाखाली घेतली आणि गुरगुरायला लागला. विलासने गळ्यातला पट्टा धरून ओढलं, तरी हलेना.

“दादा, ह्यो फुडे येणा नाय. सुरुंग काढूक इंजिनीअरांका बोलवया.”

“गावठ्यार कॉन्व्हॉय थांबवू? अख्खी कंपनी हसतली माका.”

“तेना असा कधी करूक नाय. थांबया, दादा.”

तेवढ्यात वायरलेस वाजला. “अल्फा, रिपोर्ट. ओव्हर.”

“चेक कर रहे हैं. पाँच मिनट. ओव्हर.”

मग मी विलासला म्हणालो, “गावठ्याक काय कळता? जा, बघून ये.”

हुकूम होता. तो गेला. मोरीखाली बघायला वाकला. तेव्हा ०६४७ झाले होते.

स्फोटानंतर धुरळा बसायला बराच वेळ लागला. विलास जागीच गेला होता. आम्हा बाकीच्यांना ओरखडाही नव्हता.

कोर्ट ऑफ इन्क्वायरीत मला विचारलं, “कुत्र्याने काही इशारा दिला होता का?”

“नो सर. कुत्रा त्या दिवशी सोबत नव्हता.”

कागदावर कुत्रा म्हणजे लॅब्रॅडॉर, आणि ती खरोखरच नव्हती. उत्तर मान्य झालं. बाहेर आल्यावर मला सुटल्यासारखं वाटलं. तसं वाटल्याची आजही लाज वाटते.

निवृत्त होऊन गावी आल्यापासून दरवर्षी त्या तारखेला मी जामसंड्याला विलासच्या आईकडे जातो. विलास तिला फोनवर त्या कुत्र्याच्या गोष्टी सांगायचा. म्हणून ती दरवर्षी विचारते, “बांगड्याचा मगे काय झाला रे?” मी “ठावक नाय” म्हणायचो आणि चहा पिऊन निघायचो. मला पक्कं ठाऊक होतं. चार दिवस तो मोरीजवळ बसून होता. तो दिसला की माझी मान वर होईना, म्हणून मीच त्याला ट्रकमध्ये घालून लांब सोडायला लावलं.

या वर्षी मात्र खोटं बोलवेना. ती पडवीत तांदूळ निवडत होती. मी समोर बसून सगळं सांगितलं. शेवटी म्हणालो, “आये, गावठी म्हणान मी त्या कुत्र्याचा आयकलंय नाय.”

तिचे हात थांबले.

“विलासान थांबया म्हणान सांगल्यान ना तुका?”

“सांगल्यान.”

“मगे कुत्र्याचा जांवदे रे. माज्या झिलाचा आयकलंस नाय तू.”

एवढी वर्षं मी कुत्र्यापुढे मान खाली घालत होतो, कारण ते मला सोपं होतं. तिने पुन्हा सूप उचललं. चहाचं विचारलं नाही, आणि मीही थांबलो नाही.

नाईक विलास, जामसंडे. वय सव्वीस. चार नंबरच्या मोरीवर त्याने मला दोनदा सांगितलं होतं.