गुडघा बरा झाल्यावर

वारज्यात भाड्याच्या खोलीत मी एकटी राहत होते तेव्हाची ही गोष्ट. आई गेली होती, भाऊ आपल्या संसारात होता. माजी सैनिकांसाठी काम करणाऱ्या एका छोट्या संस्थेत मला नोकरी लागली. ज्या म्हाताऱ्या जवानांना एकट्यानं दवाखान्यात जाणं जमत नाही, त्यांना दर मंगळवारी संस्थेच्या गाडीतून लष्करी रुग्णालयात न्यायचं, तिथं त्यांच्याजवळ थांबायचं आणि पुन्हा घरी सोडायचं, हे माझं काम.

लोकांना वाटायचं, मला लढाईच्या गोष्टी ऐकायला मिळत असतील. गाडीत लढाई फारशी कुणी काढत नसे. साखर, झोप, सुनेच्या हातचा पाणचट चहा, असलेच विषय निघायचे. बरेचदा तेही नाही. सगळे आपापल्या खिडकीतून बाहेर बघत बसायचे. मीही.

बिबवेवाडीच्या चौकात एक निवृत्त नाईक चढायचे. घराणं पिढ्यान्‌पिढ्या पुण्यातलं, शिंपीकाम करणारं मुसलमान कुटुंब. फौजेत गेलेले ते एकटेच. कडक इस्त्रीचा शर्ट, चकचकीत बूट. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर व्यायामासाठी त्यांना नेत होतो. एके दिवशी डॉक्टर म्हणाले, "झालं तुमचं काम. आता यायची गरज नाही."

पुढच्या मंगळवारी ते चौकात उभेच.

"गुडघा दुखतोय का परत?" मी विचारलं.

"नाही मॅडम, गुडघा एकदम बरा आहे. बसू का?"

आमचा ड्रायव्हर अस्सल पुणेरी. तो पुढूनच म्हणाला, "बसा की. पास काढलाय ना पीएमटीचा?"

नाईकसाहेब हसले आणि बसले. असं बरेच आठवडे चाललं. विश्रांतवाडीच्या पुढून आम्ही एका शिपाईबाबांना घ्यायचो. शेतकरी घरातले, साखरेनं दृष्टी गेलेली, पायाची जखम काही केल्या भरत नव्हती. नाईकसाहेब त्यांच्या शेजारी बसू लागले. बोलायचे कमीच, पण पट्टी सोडताना बाबा त्यांचा हात घट्ट धरून ठेवायचे.

मग हे संस्थेच्या संचालकांच्या कानावर गेलं. "गाडी पेशंटसाठी आहे," ते म्हणाले. "उद्या काही झालं तर जबाबदार कोण? तुम्हीच सांगा त्यांना."

मी सांगितलं. नाईकसाहेब "बरं" म्हणाले. एवढंच. रागावले असते तर मला सोपं गेलं असतं.

त्यानंतरच्या मंगळवारी ते चौकात होतेच. पण हात केला नाही, पुढेही आले नाहीत. पानाच्या टपरीजवळ उभे राहून त्यांनी मान लववली आणि आमची गाडी पुढे गेली.

त्या दिवशी बाबांनी गाडीत चढताच शेजारची सीट चाचपली. "नाईकसाब न्हाईत आलं व्हय?"

"त्यांचा गुडघा बरा झाला, बाबा."

"मग काय झालं? माझा पाय हाय की अजून."

ड्रेसिंगच्या वेळी मी हात पुढे केला, तो त्यांनी घेतला नाही. लाजले असावेत. दात आवळून नुसतेच पडून राहिले. पुढच्या मंगळवारी गाडी दारात गेली तेव्हा सुनेनं येऊन सांगितलं, "मामंजी नाय म्हणत्यात यायला."

मी संचालकांसमोर जाऊन उभी राहिले आणि सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढून पुसला. "मग त्यांना स्वयंसेवक करा. एवढं अवघड काय आहे त्यात?"

अवघड काहीच नव्हतं. नाईकसाहेब परत आले, त्यांच्यामागून बाबाही आले. पट्टी सुरू असताना डॉक्टर आम्हाला कधीकधी बाहेर बसवायचे. अशाच एका सकाळी बाकावर नाईकसाहेबांनी विचारलं, "मॅडम, तुमच्या घरी कोण असतं?"

"कुणी नाही."

"म्हणजे तुम्हीपण मंगळवारची वाट बघत असणार."

मी हसण्यावारी नेलं. पण ते खरं होतं आणि तोवर मला कुणी विचारलं नव्हतं.

थंडीच्या दिवसांत बाबा गेले. रात्री झोपेतच गेले, असं सुनेनं फोनवर सांगितलं. नाईकसाहेब त्यानंतर चौकात दिसले नाहीत. वाटलं, आजारी पडले असतील, एकट्या माणसाला कोण बघणार? एका रविवारी मी पत्ता शोधत बिबवेवाडीला गेले.

दार उघडलं तर घर माणसांनी गच्च. दोन सुना, नातवंडं, पाहुणे, शिलाई मशिनची घरघर, वर टीव्ही. मोठ्या सुनेनं कौतुकानं आत नेलं, चहाबरोबर शेवयांची खीर दिली. "अब्बांना बघायला आलात? बरं केलंत. आजकाल बोलतच नाहीत कुणाशी."

नाईकसाहेब कॉटच्या टोकाला बसले होते. त्यांच्या पायांवरून पोरं उड्या मारत होती. मी ज्यांना एकटं समजत होते त्यांच्या घरात बसायला जागा नव्हती.

"कसे आहात?"

"ठीक. तुम्ही?"

"ठीक."

गाडीत आम्ही तासन्‌तास न बोलता बसायचो आणि ते कधी जड गेलं नव्हतं. इथं मात्र प्रत्येक गप्प क्षण सगळ्यांना दिसत होता. बाबांचं नाव दोघांच्याही ओठांवर येऊन राहिलं. शेवटी मी उठले.

ते बसस्टॉपपर्यंत आले. "मंगळवारी याल का?" मी विचारलं. "नवीन पेशंट आहेत."

त्यांनी मान हलवली. "आता नको, मॅडम. एकाची सवय झाली की झाली."

बस आली. "डाव्या बाजूला बसा," ते म्हणाले, "उजवीकडे ऊन लागेल." बस भरलेली होती, मी दांडा धरून उभी राहिले. मागच्या काचेतून ते दिसत होते, हात पाठीमागे बांधून उभे.

त्यानंतर आमची भेट झाली नाही. भांडण नव्हतं, रागही नव्हता. त्यांच्या घराजवळून गाडी जायची, आणि मी ड्रायव्हरला कधी थांब म्हटलं नाही.