पोरं घरी पोचली
बाबा गेल्यावर त्यांचं कपाट आवरताना एका कादंबरीतून वाळलेल्या कडुनिंबाचा वास आला आणि आमगावजवळच्या आमच्या गावातली ती दुपार आठवली. मी पाचवीत होते. परदेशातल्या काळ्या माणसांवरच्या अन्यायाची हीच कादंबरी बाबा ओसरीत मला वाचून दाखवत होते, तोच माझ्या मैत्रिणीचे वडील दोन माणसांना घेऊन अंगणात आले. त्यांच्याच बैलगाडीतून मी बाजाराला जायची. त्यांनी हातातला दोर बाबांच्या पायांशी फेकला. "का बे, पुस्तक वाचून सायब झाला का? बैल मेला माहा. चाल, ओढून फेक." "बौद्ध झाल्यावर माह्या बापानंच ते काम सोडलं जी," बाबा म्हणाले. "तुह्या बापाले नाही, तुले सांगून राहिलो. उठतं का हाणू?" मी बाबांच्या मांडीत तोंड खुपसलं. आता ते बाबांना मारणार, एवढंच मला कळत होतं. बाबा उठले नाहीत. माझ्या डोक्यावर हात ठेवून त्यांनी पुढे वाचायला घेतलं, की पोरं धावत सुखरूप घरी पोचली आणि आईनं दार लावून घेतलं. शेवटी एक जण म्हणाला, "सोडा जी, ट्रॅक्टरनं ओढू." दोर उचलून, शिव्या देत ते गेले, तरी बाबा तेच वाचत होते. मग कडुनिंबाची डहाळी खूण म्हणून घालून त्यांनी पुस्तक मिटलं, ते पुन्हा कधी वाचलं नाही. आज खुणेचं ते पान मी दोनदा वाचलं. त्यावर पोरं नाहीत, आई नाही आणि कोणी घरीही पोचत नाही.